रेडिएटर कुठं बसवायचा?

रेडिएटर विमानाचा आहे, हे काकांनी आल्या आल्या सांगितलं नव्हतं.

२०१६ चा मार्च होता. कामशेतला जुन्या मुंबई-पुणे हायवेच्या कडेला आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, रेडिएटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्या दिवशी कॉलेजला दांडी मारून मी तिथंच बसलो होतो. साठी उलटलेले एक गृहस्थ स्कूटरवरून आले. पायाशी उभा करून आणलेला ॲल्युमिनियमचा रेडिएटर त्यांनी आप्पांच्या पुढ्यात ठेवला.

"मिस्त्री, हा निम्म्या रुंदीचा करून हवाय. जाडी वाढली तरी चालेल. पाणी मात्र तेवढंच गार झालं पाहिजे."

आप्पांनी तो उलटापालटा केला. "एस्टीमचा हाय. ह्यो कापता येत न्हाई साहेब, टाक्या प्लास्टिकच्या हायेत. गाडी कंची तुमची?"

"गाडी नाही. इंजिन एस्टीमचं आहे, तेराशे सीसी."

"मग बसवलंय कशात?"

काका जरा अवघडले. "विमानात. घरीच बांधतोय."

मला हसू आलं. आप्पांना नाही आलं. त्यांनी विचारलं, "पंखा इंजनाच्या पुढं का मागं?"

पुढची दोन वर्षं आमच्या घरात या एका रेडिएटरवरून जेवढं बोलणं झालं, तेवढं माझ्या शिक्षणावरूनही झालं नसेल.

*

आप्पांनी पहिला प्रश्न पंख्याचा का विचारला, हे कळायला घाट माहीत असावा लागतो.

खोपोलीहून लोणावळ्याला येताना गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास चढते. एक्स्प्रेस-वे पूर्ण सुरू झाला २००२ मध्ये. त्याआधी मुंबईहून पुण्याकडे येणारा सगळा माल जुन्या बोरघाटानंच वर यायचा. शिंग्रोबाच्या देवळापाशी ड्रायव्हर नाणं टाकायचे. साहेबाला घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणजे हा शिंग्रोबा, अशी कथा आहे. तिथंच बॉनेट उघडून गाडी गार करायची, पाणी ओतायचं आणि पुढं निघायचं. ज्यांचं एवढ्यानं भागायचं नाही, ते रडतखडत लोणावळा ओलांडून आप्पांच्या दारात येऊन उभे राहायचे. जाळी गळत असली तर ड्रायव्हरनं आधीच रेडिएटरमध्ये हळद ओतलेली असायची. हळदीनं बारीक भोक बुजतं, पण तिच्यासोबत निम्म्या नळ्याही बुजतात. मग आप्पा टाकी उघडून एकेका नळीतून सळई मारत बसायचे.

घाटात गाडी तापते, कारण इंजिन पूर्ण जोर लावत असतं आणि वेग मात्र बैलगाडीचा असतो. उष्णता भरपूर, वारा नावाला. त्यात मे महिन्याच्या दुपारी कोकणातून वर चढणारा पश्चिमेचा वारा गाडीच्या पाठीत येतो. ट्रक ताशी वीसनं चढतोय आणि वाराही मागून वीसनंच येतोय, तर रेडिएटरच्या दृष्टीनं गाडी उभीच आहे. अशा वेळी सगळी भिस्त पंख्यावर. म्हणून आप्पांचा प्रश्न पंख्याचा.

आप्पांच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत एक गुळगुळीत, गुलाबीसर पट्टा आहे. तिथं केस उगवत नाहीत. मी लहान असताना एका ट्रकवाल्याला घाई होती आणि आप्पांनी गाडी पुरती निवायच्या आत रेडिएटरचं झाकण फिरवलं. लोणावळ्याच्या उंचीवर उघड्या पातेल्यातलं पाणी ९८ अंशांना उकळतं. पण रेडिएटरचं झाकण कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं. ०.९ बारचं झाकण असेल तर आतलं पाणी ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो, आणि एवढं तापलेलं पाणी तिथल्या तिथं वाफ होऊन बाहेर झेपावतं. ओलं पोतं धरलं होतं म्हणून तोंड वाचलं, हात नाही.

ही गोष्ट मी हजारदा ऐकली होती. तिचा विमानाशी काही संबंध असेल असं मला वाटलं नव्हतं.

*

काकांची शेड नाणे मावळात, एका भातखाचराच्या टोकाला. चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांनी हयात घालवली होती. निवृत्तीचे पैसे या शेडमध्ये गेले. आत पोलादी नळ्यांचा दोन माणसांचा सांगाडा उभा होता आणि पंख भिंतीला टेकवलेले होते. भिंतीवर दोन फोटो. एक 'व्हॉयेजर'चा. १९८६ मध्ये कुठंही न उतरता, हवेत इंधन न भरता जगाला फेरी मारणारं विमान. दुसरा फोटो काकांनी स्वतः महिन्याभरापूर्वी मुंबईला बीकेसीत काढलेला. 'मेक इन इंडिया' सप्ताहात ठेवलेलं अमोल यादवांचं सहा आसनी विमान, कांदिवलीतल्या चारकोपला राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं. "गच्चीवर!" काका म्हणायचे. "माझ्याकडे तर अख्खी शेड आहे." त्याच विमानाला २०१७ मध्ये नोंदणी मिळाली तेव्हा काकांनी दुकानात पेढे आणले होते, जणू त्यांच्याच विमानाला मिळाली.

लहान विमानांची बहुतेक इंजिनं हवेनं गार होतात. सिलिंडरला पातळ पाती असतात, वारा त्यांच्यामधून जातो, काम झालं. पाणी नाही, पंप नाही, गळती नाही. रोटॅक्स ९१२ सारख्या हलक्या इंजिनात मधला मार्ग असतो, म्हणजे सिलिंडर वाऱ्यावर आणि हेड पाण्यावर. पण ही इंजिनं परवडणारी नसतात. मोटारीचं इंजिन भंगारात मिळतं, सुटे भाग कुठंही मिळतात, दुरुस्ती आपल्याला येते. जगभर घरी विमान बांधणारे म्हणूनच मोटारीच्या इंजिनाकडे वळतात. आणि मोटारीचं इंजिन घेतलं की त्याच्यासोबत पाणी येतं, आणि पाण्यासोबत प्रश्न येतो, रेडिएटर ठेवायचा कुठं? हा प्रश्न विमानाइतकाच जुना आहे. राइट बंधूंचं १९०३ चं इंजिनही पाण्याचंच होतं. त्यांनी रेडिएटर पंखांमधल्या एका खांबाला उभा बांधला होता.

मी तेव्हा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होतो. 'हीट ट्रान्सफर'च्या पेपरात बरे मार्क होते. काकांना कागदावर हिशेब करून देणारा कोणीतरी हवा होता, आणि आप्पांच्या काळ्या हातांपेक्षा वेगळं काहीतरी आपल्याला येतं हे दाखवायची मला फार हौस होती. तेव्हा ही हौस आहे हे कबूल केलं नसतं.

हिशेब ढोबळच असतो. पेट्रोल जळून निघालेल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशाचं काम होतं, एक तृतीयांश धुरातून जाते आणि उरलेली बरीचशी पाण्यात येते. काकांचं इंजिन पूर्ण जोरावर पन्नास-साठ किलोवॉट ताकद देणार, म्हणजे जवळजवळ तेवढीच उष्णता पाण्यातून बाहेर काढायची. घरातला गिझर दोन-तीन किलोवॉटचा असतो. असे वीस गिझर एकदम चालू आहेत आणि त्या सगळ्यांचं गरम पाणी वर्तमानपत्राच्या पानाएवढ्या जाळीत वाऱ्यावर निववायचं आहे, असं समजा.

आप्पांना मी हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ते म्हणाले, "बरं. पण इमान वर चढताना किती पळतं?"

"शंभरच्या आसपास."

"आन् सरळ जाताना?"

"दीडशे."

"म्हंजी चढताना इंजन फुल आन् वारा कमी. मग ह्यो घाटच की. फकस्त रोजचा."

हे पुस्तकात नव्हतं असं नाही. पुस्तकात होतं, मी वाचलेलं होतं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणून शंभरला जेवढा दाब मिळतो त्याच्या सव्वादोन पट दीडशेला मिळतो. सरळ उडताना पुरणारा रेडिएटर चढताना कमी पडतो. पण ते वाक्य म्हणून वाचलेलं होतं. आप्पांनी ते शिंग्रोबाच्या देवळाशी उभं राहून पाहिलेलं होतं.

*

एस्टीमचा रेडिएटर बाजूला पडला. ॲल्युमिनियमला डाख धरत नाही. आजकालचे बहुतेक रेडिएटर हे असेच, ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या. गळला की फेकायचा, नवा आणायचा. एक्स्प्रेस-वेनं आप्पांची गिऱ्हाइकं पळवली आणि प्लास्टिकच्या टाक्यांनी उरलेलं काम. आप्पांनी काकांना सांगितलं, तांब्या-पितळेचा बनवून देतो, पाहिजे त्या मापाचा, पण जड होईल. जाळी, नळ्या आणि टाक्या मिळून साडेसहा किलो भरला. काकांनी तो काट्यावर ठेवला, सुस्कारा सोडला आणि हो म्हणाले. आप्पांनी कितीतरी वर्षांनी कोरा रेडिएटर बनवला होता. नवसागराचा धूर, कथिलाची चकाकी, आणि मग पाण्याच्या टाकीत बुडवून हवा भरली तेव्हा एकही बुडबुडा नाही. त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं.

आता जागा.

तीन जागा होत्या. पहिली अगदी समोर, पंख्याच्या मागं, गाडीत असतो तसा. सोपी. पण पंख्याची पाती मुळाशी हळू फिरतात, तिथं वारा फारसा नसतो. शिवाय विमानाचं नाक बोथट होतं आणि जाळी फुटली तर गरम पाणी थेट समोरच्या काचेवर. दुसरी जागा इंजिनाच्या खाली, हनुवटीशी. तिसरी विमानाच्या पोटाखाली, माणसांच्या बसण्याच्या जागेच्या मागं.

मी तिसऱ्या जागेच्या प्रेमात होतो, कारण मी मस्टँगच्या प्रेमात होतो. दुसऱ्या महायुद्धातलं पी-५१ मस्टँग विमान पाहिलंत तर पोटाखाली एक खोल डबा लोंबताना दिसेल. तो रेडिएटरचा. १९३५ मध्ये इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या संशोधन केंद्रातल्या मेरेडिथ नावाच्या माणसानं एक गोष्ट दाखवून दिली होती. हवा लहान तोंडातून आत घ्या, आत जागा हळूहळू रुंदावून तिला सावकाश करा, म्हणजे तिचा दाब वाढतो. त्या संथ हवेला जाळीतून जाऊ द्या. ती तापते, फुगते. मग मागच्या निमुळत्या तोंडातून तिला जोरात बाहेर सोडा. रेडिएटरमुळे विमानाला जी ओढ बसते, तिच्यातली बरीचशी या मागच्या झोतानं भरून निघते. त्याच काळातल्या स्पिटफायरचे रेडिएटर पंखांखाली होते. जमिनीवर असताना चाकाचा पाय रेडिएटरच्या वाटेत यायचा, त्यामुळे धावपट्टीकडं जाता जाताच ते तापायचं. म्हणजे जागा चुकली की नावाजलेलं विमानही अडतं.

मी काकांना चित्र काढून दाखवलं. काकांचे डोळे चमकले. आप्पांनी चित्र पाहिलं आणि बोट ठेवलं ते रेडिएटरवर नाही, तर त्याच्याकडे जाणाऱ्या दोन नळ्यांवर.

"ह्या कुठनं जात्यात?"

"सीटच्या खालून. फायरवॉलमधून आत, पायांजवळून मागं."

"उकळतं पाणी माणसाच्या पायाशी?"

"आप्पा, नळी बंद असते. दाब मोजून घेतलाय."

"झाकणबी बंदच होतं," आप्पा म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

मी काकांकडे बघून हसलो. काकाही हसले. आम्ही पोटाखालचीच जागा ठरवली.

*

नोव्हेंबरच्या एका सकाळी पहिल्यांदा जोर देऊन इंजिन चालवायचं ठरलं. विमानाला पंख लावलेले नव्हते. शेपूट साखळीनं आंब्याच्या बुंध्याला बांधली. काका आत बसले, मी बाजूला उभा राहून तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून होतो. आप्पा बादली भरून लांब उभे.

इंजिन घुमलं. काटा ८०, ८५, ९०. मी वहीत लिहीत होतो. सातव्या मिनिटाला १०५. आठव्याला ११०. हे अपेक्षेपेक्षा बरंच जास्त होतं. मी काकांना जोर कमी करा असं खुणावणार, एवढ्यात काटा खाली यायला लागला. १००. ९५. मला एवढं बरं वाटलं की मी ओरडलो, "गार होतंय!"

आप्पा पळत येताना दिसले. ते हातानं 'बंद करा, बंद करा' असं करत होते.

काटा खाली येत होता, कारण काट्याच्या सेन्सरपाशी पाणीच उरलं नव्हतं. रेडिएटर इंजिनापेक्षा खाली आणि लांब, नळ्या वरखाली गेलेल्या, आणि सगळ्यात उंच जागी हवा बाहेर काढणारी टाकी मी लहान आणि चुकीच्या ठिकाणी ठेवलेली. वरच्या वळणात वाफ अडकली होती आणि सेन्सर त्या वाफेत बसला होता. पाणी नसलेला सेन्सर उकळत्या इंजिनाचंही तापमान कमी दाखवतो. हे आप्पांना आवाजावरून कळलं होतं. उकळणाऱ्या गाडीचा एक वेगळा आवाज असतो म्हणे, तव्यावर खडे हलवल्यासारखा.

पुढच्या क्षणी काकांच्या पायाजवळची रबरी नळी सुटली.

काकांनी जाड बूट घातले होते. तरी डाव्या नडगीवर, बुटाच्या वर, पँट चिकटली. आप्पांनी इंजिनाची चावी फिरवली, काकांना काखेत धरून बाहेर ओढलं आणि अख्खी बादली पायावर ओतली. मग दुसरी. तिसरी. पाऊण तास ते गार पाणी ओतत राहिले. पँट ओढून काढू दिली नाही, कातरीनं कापली. मी वही हातात धरून उभा होतो.

नळी का सुटली, ते मी नंतर पाहिलं. ॲल्युमिनियमच्या नळीच्या टोकाला कडेनं उंचवटा काढावा लागतो, म्हणजे रबरी नळी त्याच्यापलीकडं सरकवून क्लिप आवळली की ती निसटत नाही. मी नळ्या कापून आणल्या होत्या आणि तशाच गुळगुळीत बसवल्या होत्या. क्लिप घट्ट होती. पण गुळगुळीत नळीवर घट्ट क्लिपचा काय उपयोग? ही चूक कुठल्या सूत्रातली नव्हती. आप्पांच्या दुकानात पहिल्या आठवड्यात पोराला शिकवतात त्यातली होती. मी त्या दुकानात वाढलो होतो आणि हे शिकलो नव्हतो.

काकांची जखम महिन्याभरात भरली. त्यांनी मला एका शब्दानं बोलून दाखवलं नाही, घरीही सांगितलं नाही, स्कूटरच्या सायलेन्सरवर भाजलं म्हणाले. आप्पाही काही बोलले नाहीत. त्या रात्री दुकानात दिवा दिसला म्हणून मी गेलो, तर ते माझ्या नळ्या एकेक करून वाइसमध्ये धरून टोकांना उंचवटा काढत होते. मी शेजारी बसलो. त्यांनी एक नळी माझ्या हातात दिली.

*

रेडिएटर हनुवटीशी आला. इंजिनाखाली, फायरवॉलच्या पुढं, थोडा तिरका. आता पाण्याचा एक थेंबही माणसाच्या बाजूला नव्हता. नळ्या चार हातांवरून हातभर झाल्या, त्यांच्यातलं पाणी आणि वजन वाचलं, तांब्या-पितळेनं जे जास्तीचं घातलं होतं ते इथं बरंचसं परत मिळालं. वजन मागून पुढं आल्यामुळे तोल बदलला. त्यासाठी काकांनी बॅटरी सीटच्या मागं नेली. हवा सुटायची टाकी सगळ्यात उंच जागी बसवली. सेन्सर हेडच्या अशा ठिकाणी, जिथं पाणी सगळ्यात शेवटी सरतं.

पण पोटाखालच्या जागेतही तापमान ११० ला गेलंच होतं, वाफ अडकायच्या आधी. का, ते कळलं नव्हतं. माझं म्हणणं, तोंड मोठं करू, जास्त हवा घेऊ. आप्पांनी उदबत्ती पेटवली. पुठ्ठा आणि पत्र्याचा तो सगळा डबा जमिनीवर ठेवला, समोर दुकानातला टेबल फॅन लावला आणि उदबत्ती डब्याच्या तोंडाशी धरली. धूर आत गेला आणि तोंडाच्या कडेनं परत बाहेर आला.

"आत येती," आप्पा म्हणाले, "पण जाती कुठं?"

मागचं तोंड मी मस्टँगसारखं निमुळतं केलं होतं. मस्टँगचं मागचं झाकण हवं तसं उघडता येतं, चढताना मोठं, वेगात लहान. माझं कायम लहान होतं. आणि मस्टँग वेगात सहाशे-सातशेनं जातं, आमचं विमान शंभरनं चढणार.

काकांनी मोजायची युक्ती काढली. गवंड्याची लेव्हलची नळी. रंगीत पाणी भरलेल्या पारदर्शक नळीचं एक टोक जाळीच्या पुढं, दुसरं जाळीच्या मागं. दोन्हीकडच्या पाण्याच्या उंचीतला फरक म्हणजे हवेला जाळीतून ढकलणारा दाब. सगळा डबा एका पिकअपच्या हौद्यावर केबिनपेक्षा उंच बांधला आणि पहाटे साडेपाचला, रस्ता रिकामा असताना, जुन्या हायवेवर नव्वदच्या वेगानं पळवला. त्या वेगाला वाऱ्याचा पूर्ण दाब पाण्याच्या नळीत ३६ मिलिमीटरच्या आसपास भरतो. आमच्या जाळीवर फरक आला ८ मिलिमीटर. बाकीचा दाब जाळीच्या मागंच साठून बसला होता. हवा आत येऊन उभी होती, एसटीच्या मागच्या दारातून चढलेल्या माणसांसारखी. पुढचं दार बंद असेल तर मागचं कितीही रुंद करा, काय उपयोग?

मागचं तोंड दुप्पट केलं. १७ मिलिमीटर. त्याच्या पुढच्या काठावर एक उतरता पत्रा लावला, म्हणजे बाहेरचा वारा तिथून झेपावताना मागं पोकळी करतो आणि आतली हवा ओढली जाते. २२. जाळी आणि पत्रा यांच्यातल्या फटी आप्पांनी रबराच्या पट्ट्यांनी बुजवल्या, कारण हवा जाळीतून जाण्यापेक्षा बोटभर फटीतून जाणं पसंत करते. २५. आणि शेवटी पुढचं तोंड, जे मला मोठं करायचं होतं, ते आम्ही लहान केलं. फरक जवळजवळ तेवढाच राहिला.

त्या पहाटेच्या फेऱ्यांमध्ये मी हौद्यात नळी धरून बसायचो आणि आप्पा पिकअप चालवायचे. वडगावच्या फाट्यावर चहाला थांबायचो. आप्पा कपबशीतून चहा पिताना विचारायचे, "तुमच्या पुस्तकात ह्याला काय म्हंत्यात?" मी सांगायचो. ते एकदा म्हणून बघायचे. मग मी विचारायचो, फटींचं तुम्हाला कसं कळलं. त्यांनी सांगितलं, टेम्पोवाले रेडिएटर बदलतात आणि कडेचं रबर बसवायला विसरतात, मग घाटात परत येतात. असं तीस वर्षांचं काय काय त्यांच्याकडे होतं. मी ते कधी विचारलंच नव्हतं, कारण मला वाटायचं आप्पा फक्त डाख लावतात.

*

काकांचं विमान उडालेलं नाही. हे आधीच सांगायला हवं होतं कदाचित. उडवायचं तर नोंदणी लागते, तपासण्या लागतात, चाचणीची परवानगी लागते, आणि त्या सगळ्याला लागणारी वर्षं आणि पैसा काकांकडे नव्हता. अमोल यादवांना २०१९ मध्ये उड्डाणचाचणीची परवानगी मिळाल्याची बातमी आली, तेव्हा काकांनी मला फोन केला. खूप खूश होते. स्वतःच्या विमानाबद्दल काही बोलले नाहीत.

पण २०१८ च्या मे महिन्यात आम्ही इंजिन पुन्हा जोरावर चालवलं. मुद्दाम दुपारी, पारा ३८ वर असताना. आप्पांनी विमानाचं तोंड पश्चिमेला करून घेतलं. "वारा छातीवर घ्या, पाठीवर न्हाई." पंख्याच्या झोतावर आणि त्या कोकणच्या वाऱ्यावर, उभ्या विमानात, दहा मिनिटं पूर्ण जोर. काटा ९८ ला गेला, १०२ ला गेला आणि तिथंच राहिला. मी काट्याकडे कमी आणि टाकीतल्या पाण्याच्या पातळीकडे जास्त बघत होतो. तव्यावरच्या खड्यांचा आवाज येतो का, ते ऐकत होतो.

इंजिन बंद केल्यावर काका म्हणाले, "मिस्त्री, पुढच्या वेळी तुम्ही बसा की शेजारी."

"पुढच्या येळी कशाला," आप्पा म्हणाले.

इंजिन थोडं निवू दिलं, आणि आप्पा निघाले. चढण्याआधी त्यांनी चपला काढल्या, देवळात काढतात तशा, आणि शेडच्या उंबऱ्याशी नीट जोडीनं ठेवल्या.

मी म्हणालो, "आप्पा, पायात असू द्या. बूट देऊ का माझे?"

ते आत बसत होते. पाय लांब करून त्यांनी फायरवॉलच्या पत्र्याला टेकवले.

"पाणी पुढं हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग राहू दे."

काकांनी चावी फिरवली.